बीडच्या वाचकांच्या वतीनं

विलास गेल्याचं मला सारिकाताईंनी कळवलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची जर्नलं तपासत बसलो होतो. "सर, वकील गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सारिकाताई बीडमध्ये स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतात आणि रविवारी सकाळी त्यांच्याच क्लासच्या खोलीत आमचा वाचनगट जमतो. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही येणार ना?" कॉलेजपासूनच्या मित्राच्या मातीला येणार का, असं कुणी कुणाला विचारत नाही. त्यांना विचारावं लागलं, कारण दीड वर्षापूर्वी मी विलासशी बोलणं तोडलं होतं, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी गेलो. खांदाही दिला. आणि आता गटातल्यांनीच आग्रह धरला की वकिलांवर तुम्हीच लिहा, सगळ्यांत जुनी ओळख तुमची. ते खरंच आहे. पण जुन्या ओळखीच्या माणसानं दिलेला दगाही खोल जातो, आणि तो मेला म्हणून भरून येत नाही. गेलेल्याबद्दल गोडच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मला जेवढं गोड आठवतं तेवढं मी लिहीनच... पण तेवढ्यावर थांबता येणार नाही.

तो गेवराईकडच्या तलवाड्याचा, मी तेलगावचा. बीडच्या कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी मी नळावरून आंघोळ करून आलो तर हा माझ्या खाटेवर आडवा पडून माझंच पुस्तक वाचत होता. अंतराळातल्या प्रवासाच्या कथा होत्या त्या. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "तेलगावचा का बे तू? मग ह्ये कुठून आणलंस? तुमच्याकडं तर नुसता ऊस असतोय." मी चिडून पुस्तक ओढून घेतलं. त्यानं बोट घालून ठेवलेलं पान सोडलं नाही, म्हणून ते फाटलं. ते पान चिकटवण्यासाठी आम्ही दोघं मेसमध्ये भाताची शितं मागायला गेलतो, तिथून आमची दोस्ती सुरू झाली. पुढं मी भौतिकशास्त्र शिकवायला लागलो, तो वकील झाला. भावाभावांतल्या वाटणीचे दावे तो चालवायचा आणि संध्याकाळी कोट काढून माझ्या घरी येऊन विचारायचा की कृष्णविवराच्या काठावर जमीन असेल तर तिची मोजणी कशी करायची. माझी बायको हसून हसून चहा उतू घालवायची.

विलासचा आवाज मात्र असा होता की कुणीही ऐकत राहावं. गटात काहीही मोठ्यानं वाचायचं असलं की ते विलासकडं जायचं. कथा वाचताना तो उभा राहायचा, एक हात खुर्चीच्या लिहायच्या फळीवर टेकायचा, आणि पात्रागणिक बोली बदलायचा. अंतराळवीरसुद्धा त्याच्या तोंडून गेवराई तालुक्यातलेच वाटायचे.

काही वर्षांपूर्वी टीव्हीवर 'तांबडी वसाहत' नावाची मालिका सुरू झाली. मंगळावर माणसांनी वस्ती केलेली आहे, तिथं जमिनीखालचा बर्फ वितळवून पाणी करतात आणि ते खोल्याखोल्यांत मापानं सोडतात. पाणी सोडायचं काम जानकी नावाच्या बाईकडं. साधी, थकलेली, कमी बोलणारी बाई. भांडणारे भांडतात, शिव्या देणारे देतात, ती आपली चावी फिरवते आणि पुढच्या खोलीकडं जाते. मोठ्या शहरांतल्या लोकांना ती मालिका संथ वाटली म्हणे. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल यावर ज्यांनी पाहुण्यांना बोलावणं ठरवलेलं आहे, त्यांना जानकी समजावून सांगावी लागली नाही. पहिला भाग बघून विलास म्हणाला, "ही आपल्याच गल्लीतली बाई हाय बे. मंगळावर बदली झालीय नुसती."

तीन पर्वं चालली मालिका. शनिवारी भाग बघायचा, रविवारी सकाळी गटात त्याचा कीस पाडायचा. फळ्यावर आदल्या दिवशीची शेकडेवारीची गणितं असायची, ती पुसून मी त्या वस्तीला पाणी कितपत पुरेल याचा हिशोब मांडायचो. तलवाड्याहून बप्पा यायचे, शेळ्या राखणारे, विलासच्या नात्यातले. लेकीच्या मोबाइलवर भाग बघून यायचे आणि माझ्या हिशोबाकडं दुर्लक्ष करून नुसतं जानकीबद्दल बोलायचे. दुसऱ्या पर्वात ती स्वतःच्या वाट्याचं पाणी आजारी पोरीला देते, तो भाग झाला त्या रविवारी बप्पा डोळे पुसत होते. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी जानकी पश्चिमेकडच्या खोल्यांचं पाणी बंद करते आणि पडदा काळा होतो. का बंद केलं, पुढं काय झालं... काहीच नाही. वाहिनीनं मालिका तिथंच संपवली.

आम्ही वाट बघितली. लोकांनी वाहिनीला पत्रं घातली, मालिकेच्या चाहत्यांनी फेसबुकवर पान काढलं, त्यात राज्यभरातले लोक, आमचा गट त्यात सगळ्यांत बडबडा. आणि मग बातमी आली की मालिकेच्या पुढची गोष्ट कादंबरी म्हणून येतेय. लेखिका तरुण, नाव फारसं कुणाला माहीत नसलेली. गटानं प्रती मागवल्या, हातोहात फिरवल्या. ज्यानं आधी वाचली त्यानं तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, पण वाचून झालेल्याचं तोंड बघूनच कळायचं.

कादंबरीत जानकी पहिल्यापासूनच फितूर निघाली. पृथ्वीवरच्या कंपनीला वस्ती उठवायची होती, तिनं त्यांच्यासाठी मुद्दाम पाणी तोडलं, आणि शेवटच्या प्रकरणात ती परतीच्या यानात बसून निघून गेली. पश्चिमेकडची माणसं तशीच तहानेली मागं राहिली.

त्या रविवारी जेवढा आरडाओरडा झाला तेवढा त्या खोलीत कधी झाला नसेल. सारिकाताई म्हणाल्या, "तीन पर्वं तिनं जे केलं ते सगळं नाटक? मग आपण काय बघत होतो?" कुणी म्हणालं भाषा चांगली आहे पण गोष्ट खोटी आहे. कुणी म्हणालं लेखिकेला दुसऱ्याच कुणावर लिहायचं होतं, तिनं जानकीचं नाव वापरलं. बप्पा हळूच म्हणाले, "त्या पोरीला पाणी दिलतं त्याचं काय? लिवणारीनं त्यो भाग बघितलाच न्हाई." माझं म्हणणं एवढंच होतं की कथेला वळण घेऊ द्या, पण तीन पर्वांत ज्याची एकही खूण नाही त्याला वळण म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. सगळ्यांचं आपापलं बोलून झाल्यावर मी विलासकडं बघितलं. तो खिडकीजवळ बसला होता. "वकील, तुमचं काय?" तो म्हणाला, "माझं काय, तुमच्यासंगंच हाय." आणि पेला उचलून गार झालेला चहा पिला.

या एका वाक्यावर मी नंतर किती विचार केला आहे ते मलाच माहीत.

फेसबुकच्या पानावर आमच्या गटाची मतं गाजली. प्रकाशकानं ठरवलं की वाचकांना भेटायला लेखिकेला घेऊन गावोगाव जायचं, आणि त्यात बीडचं नाव होतं. आम्हाला केवढा अभिमान वाटला! गटाचा अभिप्राय एकच, लेखी, सभेत वाचून दाखवायचा असं ठरलं. मी सगळ्यांची मतं गोळा करून मसुदा केला. बप्पांचं वाक्य बप्पांच्याच शब्दांत ठेवलं. कुठंही शिवी नाही, कुचेष्टा नाही. लेखिकेला समोरासमोर ऐकताना अपमान वाटू नये, पण म्हणणं पोचावं, म्हणून एकेक ओळ तीनतीनदा लिहिली. तो गटात वाचला, सगळ्यांनी माना डोलावल्या. विलासनंही. वाचायचा कुणी, हा प्रश्नच नव्हता. आमच्यात वकील एकच होता. आम्ही त्याला वकीलपत्र दिलं. सभेच्या दिवशी सकाळी तो माझ्याकडं आला, कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "पाठच करून टाकतो. बघून वाचलं की जोर येत न्हाई."

सभागृह भरलं होतं. गेवराईहून, माजलगावहून लोक आले होते. लेखिका व्यासपीठावर बसली होती, बारीक अंगाची, हातात रुमाल. आधी दोनचार जणांनी बोलून घेतलं, एकानं बरंच लागट बोलून घेतलं. मग विलासचं नाव पुकारलं. तो ध्वनिक्षेपकापाशी गेला. मी त्याच्या खिशाकडं बघत होतो. त्यानं कागद काढला नाही. मला वाटलं, पाठ केलंय.

"मी बीडच्या वाचकांच्या वतीनं बोलतोय," तो म्हणाला. "आम्हाला जानकीचा राग आला नाही. पाणी सोडायची चावी जिच्या हातात असते, तिला ते पुरणार नाही हे सगळ्यांच्या आधी कळतं. ती लोकांशी खोटं बोलली, कारण खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली असती. आणि शेवटी ती निघून गेली. जाणाऱ्याला आपण गद्दार म्हणतो आणि मोकळे होतो. या लेखिकेनं जाणारीला जवळ बसवून विचारलं, बाई, तुला काय झालं होतं? बीडच्या वाचकांना ही जानकी पटली. मनापासून पटली."

टाळ्या झाल्या. लेखिकेनं रुमाल डोळ्यांना लावला. विलास बोलला होता सुंदर, हे आज मी कबूल करतो. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं भाषण असावं ते. माझ्या शेजारी सारिकाताई उठल्या आणि कुणाकडं न बघता बाहेर निघून गेल्या. बप्पांना नीट ऐकू आलं नव्हतं. ते मला विचारत होते, "माझं वाक्य वाचलं का त्यानं? वाचलं का?"

बाहेर रिक्षांच्या गर्दीत मी विलासला गाठलं. विचारलं, "कुणाच्या वतीनं बोललास?"

"घरी चल. चहा घेऊ."

"उत्तर दे."

"आत्ता न्हाई, माधव." त्यानं माझ्या दंडाला धरलं. मी हात सोडवून घेतला. कोटाच्या खिशातून आमच्या कागदाची घडी डोकावत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'ही जानकी मनापासून पटली. — बीडचे वाचक.' चाहत्यांच्या पानावर जो शिमगा झाला तो मी इथं लिहीत नाही. बीडवाले फुटले, बीडवाल्यांना लेखिकेबरोबर फोटो काढायचा होता, असं लोक म्हणत होते. आम्ही खुलासा टाकला की हे एका माणसाचं मत आहे, गटाचं नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. तुमचाच माणूस बोललाय की, म्हणाले. आणि त्यात खोटं काय होतं? आमचाच माणूस होता. बप्पा गटात यायचे थांबले. मी तलवाड्याला त्यांना भेटायला गेलो तर शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणाले, "आपलं तोंड दुसऱ्याला देऊ नी, सर. आमी दिलं." विलासनं गटात येऊन एकदाही तोंड दाखवलं नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही. कोर्टाच्या रस्त्यावर दोनदा समोरासमोर आलो. दोन्ही वेळा तो थांबला आणि मी चालत राहिलो.

लोक म्हणाले, त्याला प्रकाशकानं काही कबूल केलं असेल. मीही तसंच धरून चाललो होतो, कारण त्यात निदान व्यवहार होता.

मग एके दिवशी विलासच्या बायकोचा, शोभावहिनींचा, फोन आला. "भाऊजी, एकडाव येऊन जावा. त्येंचं काही खरं न्हाई." मी गेलो. पुढच्या खोलीत खाट टाकली होती. तो इतका वाळला होता की आवाज तेवढा ओळखू आला, तोही अर्धाच. वहिनी चहा करायला आत गेल्या. बराच वेळ आम्ही दोघं पंख्याकडं बघत होतो.

"लई राग हाय न्हाई अजून?" तो म्हणाला.

"हाय."

तो हसला, हसता हसता खोकला. मग म्हणाला, "मला ती कादंबरी आवडलती, माधव. खरंच आवडलती."

मला दुसरं काहीही ऐकायची तयारी होती, हे सोडून. प्रकाशक, लेखिकेची दया, भीड... यातलं काही असतं तर मी मनात कधीपासून तयार ठेवलेली वाक्यं बोललो असतो. मी विचारलं, "मग गटात का नाही बोललास? तोंड कुणी धरलं होतं?"

"तुमी सगळे पेटलेले. त्यात मी म्हणायचं, मला आवडली? तू मला उभा चिरला असतास."

"चिरला असता. मग भांडायचं होतं. वकील आहेस ना?"

तो छताकडं बघत म्हणाला, "गेलेल्या माणसाचं कुणी लिवतं का बे? राहिलेल्याचंच लिवतेत सगळे."

तेव्हा मला त्याचं लग्न आठवलं. ज्या वर्षी तलवाड्याच्या विहिरी आटल्या त्याच वर्षी त्यानं सगळं रान थोरल्या भावावर टाकून बीडला खोली घेतली होती आणि परत गेला नव्हता. लग्नाला थोरला भाऊ आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. विलासनं त्याबद्दल इतक्या वर्षांत माझ्याजवळ चकार शब्द काढला नव्हता. मीही विचारलं नव्हतं, कारण त्याला ते नको असायचं. जानकी त्याला का पटली हे मला त्या खाटेपाशी कळलं. वाईट वाटलं. पण माझा प्रश्न तिथंच होता.

"आवडली तर आवडली," मी म्हणालो. "तुझ्या नावानं बोलायचं. आमच्या नावानं का बोललास?"

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"माझ्या एकट्याच्या नावानं कोण ऐकतंय बे?"

त्यानं माफी मागितली नाही. मी केली नाही. वहिनींनी चहा आणला, तो मी पिलो, आणि निघताना त्यानं हात पुढं केला तो हातात घेतला. तेवढंच. काही दिवसांनी सारिकाताईंचा फोन आला.

ते उत्तर खरं होतं याबद्दल मला शंका नाही. त्यामुळं दुखणं कमी झालं नाही, उलट वाढलं. पैसा, मान, ओळख यासाठी त्यानं आम्हाला विकलं असतं तर मी म्हणालो असतो, माणूस घसरला. पण त्याला आपल्या आयुष्यातली सगळ्यांत खरी गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला त्यानं आमचं सगळ्यांचं तोंड बंद केलं. बप्पांचं एक वाक्य होतं हो त्या कागदावर... एक वाक्य. तेही लोकांनी ऐकायला हवं होतं. आणि मी? माझ्याजवळ एकट्याला येऊन तो हे बोलला असता तर मी ऐकलं नसतं असं त्यानं कशावरून ठरवलं? ज्या मित्राबरोबर फाटलेलं पान भाताच्या शितांनी चिकटवलं, त्याच्यावर एवढाही भरवसा नव्हता त्याला. खरं सांगायचं तर मला हेच सहन होत नाही. सभागृहातला दगा त्यामानानं लहान आहे.

तेरावा झाल्यावर शोभावहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "पुस्तकं गटाला घेऊन जा, भाऊजी. पोरगी पुण्याला, घरात वाचतंय कोण." सारिकाताई आणि मी गेलो. काचेच्या कपाटात पुस्तकं दाटीनं उभी होती. मधल्या फळीवर मात्र एकच पुस्तक पुढं काढून ठेवलेलं, पाठ बाहेर करून. ती दुसरी आवृत्ती होती.

"त्ये तसंच ठिवायचे," वहिनी म्हणाल्या. "पाव्हणं आलं की काढून दाखवायचे, ह्ये मी बोलल्यालं हाय म्हणून. पण भाऊजी, त्याच्यावर त्येंचं नाव कावून न्हाई? मी किती डाव इचारलं. म्हणायचे, छापायचं राहून गेलं."

सारिकाताईंनी माझ्याकडं बघितलं. वहिनींना काहीच माहीत नव्हतं. सभेत काय झालं, मी दीड वर्ष का आलो नाही, त्यानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. कामाच्या गडबडीत माधवला वेळ मिळत नाही, असं तो सांगायचा म्हणे.

मी पेन मागितलं. वहिनींनी त्याच्याच टेबलावरचं आणून दिलं. कपाटापाशी उभ्या उभ्या मी मागच्या पानावरचे 'बीडचे वाचक' हे दोन शब्द खोडले, एका रेघेत नाही, पुन्हा पुन्हा रेघा मारून, वाचता येऊ नयेत असे. आणि त्याखाली लिहिलं: विलास, तलवाडा.

वहिनींनी पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, नाव वाचलं. "आता कसं," म्हणाल्या.

बाकीची पुस्तकं आम्ही रिक्षात घातली. ते एक मी मागितलं नाही. वहिनींनी ते पुन्हा मधल्या फळीवर, पाठ बाहेर करून, उभं केलं आणि काच लावून घेतली.